परवान्याच्या चौकटीत वाढलेला व्यवसाय

किराणा, कापड किंवा भांडी यांचे दुकान काढू इच्छिणाऱ्या माणसापुढे साधारणतः तीन प्रश्न असतात : जागा कोठे घ्यावी, भांडवल कोठून उभारावे आणि मालाची किंमत काय ठेवावी. मद्यविक्रीच्या व्यवसायात या तिन्ही प्रश्नांच्या आधी चौथा प्रश्न उभा राहतो आणि तोच निर्णायक ठरतो : शासन परवाना देईल काय? पहिल्या दुकानाचा परवाना मिळाला तरी दुसऱ्याचा मिळेलच असे नाही. किंमत किती ठेवावी हेसुद्धा पुष्कळदा दुकानदाराच्या हातात नसते. उधारी किती दिवसांची, दुकानाची वेळ कोणती, मालक कोणत्या गावचा रहिवासी असावा, यांवरही कायद्याची नजर असते.

अशा व्यवसायात एकाच कुटुंबाने शेकडो दुकानांची साखळी उभारावी, ही गोष्ट म्हणूनच अभ्यासण्याजोगी आहे. अमेरिकेतील ‘टोटल वाइन अँड मोअर’ ही अशीच एक साखळी. डेव्हिड आणि रॉबर्ट ट्रोन या दोन भावांनी १९९१ साली डेलावेअर राज्यातील दोन दुकानांपासून तिचा प्रारंभ केला. आज पंचवीसहून अधिक राज्यांत तिची अडीचशेहून अधिक दुकाने आहेत. भागबाजारात नोंद न झालेली ही कंपनी आजही ट्रोन कुटुंबाच्या मालकीची म्हणूनच ओळखली जाते. तिचा इतिहास पाहू गेल्यास मालाची निवड, किंमत आणि ग्राहकसेवा यांच्याबरोबरीने, किंबहुना काकणभर अधिकच, कायद्याचा इतिहास वाचावा लागतो.

शेतातून दुकानाकडे

ट्रोन बंधूंचे बालपण पेनसिल्व्हेनिया राज्यातील ईस्ट बर्लिन या लहानशा गावानजीकच्या शेतावर गेले. शेताला जोड होती ती कोंबड्या आणि डुकरे पाळण्याची. हा व्यवसाय पुढे तग धरू शकला नाही. कर्जाचा भार वाढला, शेत दिवाळखोरीत गेले आणि कुटुंबाच्या हातून निसटले. शेती आणि पशुपालन यांत बाजारभाव शेतकऱ्याच्या हाती नसतो, खाद्याचा खर्च मात्र दररोज करावाच लागतो. या गणितातील तूट किती लवकर साचते, हे आपल्याकडील कुक्कुटपालकांना आणि त्यांना कर्जपुरवठा करणाऱ्या शाखांना नव्याने सांगण्याची गरज नाही.

डेव्हिड ट्रोन त्या काळात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हॉर्टन या सुप्रसिद्ध व्यवस्थापन संस्थेत शिकत होते. शिक्षण पूर्ण होण्यापूर्वीच, १९८४ साली, त्यांनी राज्याची राजधानी हॅरिसबर्ग येथे बिअर आणि शीतपेये यांचे एक दुकान काढले. १९८५ मध्ये पदवी हाती आली. व्हॉर्टनमधून बाहेर पडणाऱ्या पदवीधराला मोठ्या वित्तसंस्थेत नोकरी मिळवणे अवघड नव्हते. त्यांनी मात्र बिअरच्या खोक्यांचे दुकान चालवणेच पसंत केले.

दुकानासाठी बिअरच का निवडली, वाइन किंवा व्हिस्की का नाही, या प्रश्नाचे उत्तर पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यात आहे आणि तो कायदा समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

१९३३ ची वारसाहक्काने आलेली व्यवस्था

अमेरिकेत १६ जानेवारी १९१९ रोजी राज्यघटनेच्या अठराव्या दुरुस्तीला आवश्यक तेवढ्या राज्यांची मान्यता मिळाली आणि वर्षभराने, जानेवारी १९२० पासून, देशभर दारूबंदी लागू झाली. मद्याचे उत्पादन, वाहतूक आणि विक्री बेकायदा ठरली. मात्र मागणी संपली नाही. चोरट्या भट्ट्या आणि गुन्हेगारी टोळ्या यांनी ती भागवली, तर शासनाचा महसूल बुडाला. अखेर ५ डिसेंबर १९३३ रोजी एकविसाव्या दुरुस्तीने बंदी उठली. तथापि ही दुरुस्ती नुसती बंदी उठवून थांबली नाही. आपल्या हद्दीत मद्य कसे यावे आणि कसे विकले जावे, हे ठरवण्याचा व्यापक अधिकार तिने प्रत्येक राज्याच्या हाती दिला. परिणामी एका देशात पन्नास वेगवेगळ्या व्यवस्था निर्माण झाल्या.

बहुतेक राज्यांनी एक तत्त्व मात्र समान ठेवले. दारूबंदीपूर्वी पुष्कळशा गुत्त्यांवर मद्यउत्पादकांचीच मालकी किंवा आर्थिक पकड असे आणि ग्राहकाने अधिकाधिक प्यावे असाच त्यांचा प्रयत्न राही. ते पुन्हा घडू नये म्हणून उत्पादक, घाऊक विक्रेता आणि किरकोळ विक्रेता असे तीन स्तर पाडण्यात आले आणि एका स्तरावरील व्यक्तीने दुसऱ्या स्तरात शिरू नये असा दंडक घालण्यात आला. ‘त्रिस्तरीय पद्धती’ या नावाने ही रचना ओळखली जाते आणि अनेक फेरबदलांसह ती आजही टिकून आहे.

पेनसिल्व्हेनिया याही पुढे गेले. तेथील तत्कालीन गव्हर्नर गिफर्ड पिंचो हे दारूबंदीचे खंदे समर्थक होते. बंदी उठणारच असेल तर मद्य विकत घेणे होता होईल तेवढे गैरसोयीचे व्हावे, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे त्या राज्यात वाइन आणि कडक मद्य यांची किरकोळ विक्री शासनाच्याच दुकानांतून होऊ लागली. खासगी व्यापाऱ्यास मोकळी होती ती बिअर, आणि तीही कित्येक दशके घरी नेण्यासाठी वितरकाकडून अख्खे खोके घेण्याच्या अटीवर. शिवाय एका व्यक्तीस बिअर वितरणाचा एकच परवाना, असा नियम होता. दुकान कितीही चांगले चालले तरी दुसरे दुकान काढण्याची वाट कायद्यानेच बंद होती.

भारतीय वाचकाला हे सारे फारसे परके वाटणार नाही. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत मादक पेयांचा विषय राज्य सूचीत घातलेला आहे, तर मार्गदर्शक तत्त्वांतील अनुच्छेद ४७ दारूबंदीच्या दिशेने प्रयत्न करण्यास राज्यांना सांगतो. म्हणूनच गुजरातेत बंदी आहे, बिहारमध्ये ती २०१६ साली आली, तामिळनाडूत किरकोळ विक्री शासकीय महामंडळाच्या दुकानांतून होते आणि महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाच्या आधारे परवाना पद्धती चालते. आपल्या शहरांत ‘वाइन शॉप’ या पाटीखाली जी दुकाने दिसतात, त्यांचे नवे परवाने दीर्घकाळ दिले गेले नाहीत. त्यामुळे जुना परवाना हीच त्या दुकानाची खरी पुंजी होऊन बसली. मद्याचा व्यापार करणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क नाही, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली खोडे डिस्टिलरीज प्रकरणात स्पष्ट केले आहे. अमेरिकेतील ट्रोन बंधू आणि महाराष्ट्रातील एखादा परवानाधारक यांच्या व्यवसायाचा पाया अशा प्रकारे एकाच जातीचा आहे : जे शासन देते, तेच शासन नाकारू शकते.

स्वस्ताईचा गुन्हा

हॅरिसबर्गच्या दुकानाचे धोरण सरळ होते : माल मोठ्या प्रमाणावर घ्यावा, नफ्याचे प्रमाण कमी ठेवावे आणि उलाढाल वाढवावी. वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही परिचित असलेले हे तत्त्व. ग्राहक खूष झाले, परंतु व्यापारातील इतर मंडळी आणि राज्याची अंमलबजावणी यंत्रणा यांची मर्जी मात्र फिरली. सवलतींची पद्धत आणि परवान्यांसंबंधीचे नियम यांवरून चौकशा सुरू झाल्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढील काही वर्षांत डेव्हिड ट्रोन यांना एकाहून अधिक वेळा अटकही झाली. त्यांच्यावरील आरोप न्यायालयात टिकले नाहीत आणि अखेर ती प्रकरणे निकालात निघाली. मात्र वकिलांची देयके चुकली नाहीत आणि गेलेला काळही परत आला नाही.

या अनुभवाचे दोन परिणाम झाले. पहिला व्यावसायिक होता. कायद्याचा सल्ला हा अडचणीच्या वेळी करावयाचा खर्च नसून जागेच्या भाड्याइतकाच नित्याचा खर्च आहे, हे या कुटुंबाने जाणले. दुसरा परिणाम वैयक्तिक होता. पुष्कळ वर्षांनी, २०१५ साली, डेव्हिड ट्रोन आणि त्यांच्या पत्नी यांनी नागरी स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या ‘अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन’ या संस्थेला फौजदारी न्यायव्यवस्थेतील सुधारणांसाठी दीड कोटी डॉलर्सची देणगी दिली. आपल्यापाशी वकील नेमण्याइतके पैसे होते, ज्यांच्यापाशी ते नसतात त्यांचे काय होत असेल, हा विचार त्यामागे होता.

डेलावेअरची दोन दुकाने

पेनसिल्व्हेनियात वाढीला वाव नव्हता. शेजारच्या डेलावेअर राज्यात वाइन आणि कडक मद्य यांची विक्री खासगी व्यापाऱ्यांच्या हाती होती. शिवाय तेथे विक्रीकर नाही. १९९१ साली दोघा भावांनी तेथे दोन दुकाने उघडली. बिअरपुरता मर्यादित असलेला व्यापार आता वाइनकडे वळला. आरंभी या दुकानांचे नाव निराळे होते. ‘टोटल वाइन’ हे नाव पुढे आले आणि ‘अँड मोअर’ या शब्दांनी त्यात बिअर व कडक मद्य यांनाही जागा मिळाली.

यापुढील विस्ताराचा नकाशा पाहिला तर तो लोकसंख्येच्या किंवा उत्पन्नाच्या नकाशाशी तंतोतंत जुळत नाही. तो जुळतो परवान्यांच्या नकाशाशी. ज्या राज्यात एका मालकास अनेक परवाने मिळतात तेथे ही दुकाने भराभर वाढली. जेथे परवान्यांच्या संख्येवर मर्यादा आहे तेथे ती मोजकीच राहिली, आणि जेथे शासनाचीच मक्तेदारी आहे तेथे कडक मद्याच्या फळ्या रिकाम्या ठेवून दुकान थाटावे लागले किंवा जाताच आले नाही. किरकोळ व्यापारातील इतर कोणतीही साखळी एकच नमुना देशभर राबवू शकते. येथे प्रत्येक राज्यात नवा नमुना बेतावा लागला.

दुकानामागील हिशेब

टोटल वाइनचे दुकान म्हणजे गोदामाएवढे विस्तीर्ण दालन. कंपनीच्या सांगण्यानुसार एका नेहमीच्या दुकानात सुमारे ८,००० प्रकारच्या वाइन, ३,००० प्रकारची कडक मद्ये आणि २,५०० प्रकारच्या बिअर ठेवल्या जातात. देश, प्रांत आणि द्राक्षाची जात यांनुसार फळ्यांची मांडणी असते. विक्रेत्यांना वाइनचे रीतसर प्रशिक्षण दिले जाते आणि अनेक दुकानांत ग्राहकांसाठी वर्गही भरवले जातात. वाइन कशी निवडावी हे ज्याला ठाऊक नाही, अशा मध्यमवर्गीय ग्राहकाला संकोच न वाटता प्रश्न विचारता यावेत, ही त्यामागील कल्पना.

बँकेच्या दृष्टीने पाहता हा सारा साठा म्हणजे अडकून पडलेले खेळते भांडवल आहे. बिअर फार काळ टिकत नाही, तेव्हा ती लवकर फिरली पाहिजे. उत्तम प्रतीची तांबडी वाइन वर्षानुवर्षे टिकते, परंतु तेवढा काळ तिच्यात गुंतलेल्या रकमेवर व्याज चढतच असते. त्यातच, घाऊक विक्रेत्याने किरकोळ दुकानदाराला किती दिवसांची उधारी द्यावी, हे अनेक राज्यांत कायद्याने ठरवलेले असते आणि काही राज्यांत बिअरचे पैसे माल उतरवतानाच चुकते करावे लागतात. इतर व्यापारात पुरवठादाराच्या उधारीवर दुकान चालवता येते, त्या सोयीला येथे कायद्याची कात्री लागते. त्यामुळे स्वतःचे भांडवल आणि बँकेची पतमर्यादा यांना या व्यवसायात विशेष महत्त्व येते. मोठ्या साखळीला छोट्या दुकानदारावर मात करता येते ती बऱ्याच अंशी याच ठिकाणी.

नफ्याचे गणितही दुपदरी आहे. ज्या ब्रँडची किंमत ग्राहकाला तोंडपाठ असते, तो ब्रँड अत्यल्प नफ्यावर विकला जातो. त्याची जाहिरात पाहून ग्राहक दुकानात येतो. त्याच्या शेजारच्या फळीवर मात्र केवळ याच साखळीत मिळणाऱ्या, थेट उत्पादकांशी ठरवून आणलेल्या वाइन असतात. त्यांच्या किमतीची तुलना इतरत्र करता येत नाही आणि नफ्याचे प्रमाणही अधिक असते. विक्रेते ग्राहकाला या बाटल्यांकडे वळवतात, अशी टीका व्यापारात होत आलेली आहे. परिचित वस्तू स्वस्त ठेवावी आणि अपरिचित वस्तूवर कमवावे, ही रीत मोठ्या दुकानांच्या व्यापाराला नवीन नाही. ती मद्याच्या फळीवर इतक्या पद्धतशीरपणे क्वचितच उतरली असेल, एवढेच.

नात्याला झुकते माप

अमेरिकेतील मद्यविक्रीच्या मोठ्या साखळ्यांत कौटुंबिक मालकी इतकी ठळक का दिसते, याचे एक उत्तर टेक्सास राज्यात सापडते. तेथे १९९५ पासून भागबाजारात नोंदलेल्या कंपनीला कडक मद्याच्या किरकोळ विक्रीचा परवाना मिळत नाही. वॉलमार्टसारख्या बलाढ्य कंपनीने २०१५ साली या बंदीविरुद्ध न्यायालयाचे दार ठोठावले. याशिवाय एका मालकास पाच परवाने अशी मर्यादा तेथे दीर्घकाळ होती. तिला अपवाद होता तो रक्ताच्या नात्याचा. आईवडील आणि मुले अशा अगदी जवळच्या आप्तांना आपापले परवाने एकत्र करता येत आणि असे एकत्रीकरण झाल्यावर पुन्हा नवे परवाने घेता येत. पाच परवान्यांची ही चौकट अलीकडच्या काळात बदलली आहे.

या तरतुदीचा व्यावहारिक अर्थ असा की, ज्याच्या घरात व्यवसायात उतरण्यास तयार असलेली मुले आहेत त्याची साखळी वाढणार आणि ज्याचा भागीदार परका आहे त्याची पाच दुकानांवर थांबणार. ह्यूस्टन शहरात १९६२ साली एका दांपत्याने काढलेले ‘स्पेक्स’ हे लहानसे दुकान पुढे कन्या आणि जावई यांच्या हाती गेले आणि राज्यभर शंभराहून अधिक दुकानांपर्यंत पोहोचले. एकत्र कुटुंबातील व्यापाराला करविषयक मान्यता देणारा ‘हिंदू अविभक्त कुटुंब’ हा प्रकार आपल्या परिचयाचा आहे. परंतु परवान्यांची संख्याच नात्यावर ठरवणारा कायदा हा निराळाच नमुना म्हणावा लागेल.

टेनेसीचा दावा

काही राज्ये नात्याला झुकते माप देतात, तर काही रहिवासाला. टेनेसी राज्यात मद्याचे दुकान काढण्यासाठी अर्जदार किमान दोन वर्षे त्या राज्याचा रहिवासी असणे आवश्यक होते. परवान्याची मुदत एका वर्षाची. मात्र नूतनीकरणासाठी दहा वर्षांचा रहिवास लागे! म्हणजे दोन वर्षांची अट पुरी करून परवाना मिळवणाऱ्याला वर्षअखेरीस तो गमवावा लागेल, अशी ही विचित्र रचना होती. कंपनी अर्जदार असल्यास तिच्या सर्व भागधारकांनाही रहिवासाची अट लागू होती.

टोटल वाइनने नॅशव्हिल येथील दुकानासाठी अर्ज केला तेव्हा त्या अर्जामागील कंपनीचे मालक मेरीलँड राज्याचे रहिवासी होते. त्याच सुमारास आणखी एक अर्ज आला होता. आपल्या मुलीच्या प्रकृतीला मानवेल अशा हवेच्या शोधात दुसऱ्या राज्यातून आलेल्या एका दांपत्याने मेम्फिस येथील एक जुने दुकान विकत घेण्याचे ठरवले होते. एकीकडे शेकडो दुकानांची साखळी आणि दुसरीकडे उदरनिर्वाहासाठी एकच दुकान मागणारे नवराबायको. कायद्याच्या दृष्टीने मात्र दोघेही सारखेच ‘बाहेरचे’ होते. परवाने देणाऱ्या आयोगाच्या कर्मचाऱ्यांनी दोन्ही अर्ज मंजूर करण्याची शिफारस केली. त्यावर स्थानिक दुकानदारांच्या संघटनेने न्यायालयात जाण्याचा इशारा दिला आणि प्रकरण न्यायालयाच्या पायऱ्या चढू लागले.

खालच्या दोन्ही न्यायालयांत रहिवासाची अट टिकली नाही. संघटनेने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. तेथे सुनावणी झाली ती १६ जानेवारी २०१९ रोजी, म्हणजे अठराव्या दुरुस्तीला मान्यता मिळाल्याला बरोबर शंभर वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी. २६ जून २०१९ रोजी सात विरुद्ध दोन अशा बहुमताने निकाल लागला. न्यायमूर्ती सॅम्युअल अलिटो यांनी बहुमताचे निकालपत्र लिहिले. एकविसाव्या दुरुस्तीने राज्यांना दिलेला अधिकार सार्वजनिक आरोग्य आणि सुरक्षितता यांच्या रक्षणासाठी आहे. स्थानिक व्यापाऱ्यांना बाहेरच्या स्पर्धेपासून वाचवण्यासाठी तो वापरता येणार नाही, असा त्याचा आशय होता. मालक दोन वर्षे राज्यात राहिला म्हणून दारू जबाबदारीने विकली जाते, असे मानण्यास आधार नाही, असे न्यायालयाला आढळले. न्यायमूर्ती नील गॉर्सच आणि क्लॅरेन्स टॉमस यांनी भिन्नमत नोंदवले. मद्याचा प्रश्न लोकांनी विचारपूर्वक राज्यांवर सोपवला आहे आणि अशा अटी त्या काळापासून चालत आलेल्या आहेत, अशी त्यांची भूमिका होती.

याच वर्षाने दुसरी बाजूही दाखवली. कनेक्टिकट राज्यात घाऊक विक्रेत्यांनी आपले दर शासनाकडे आगाऊ नोंदवायचे आणि किरकोळ दुकानदाराने ठराविक किमान किमतीखाली बाटली विकायची नाही, असा कायदा आहे. त्यामुळे स्पर्धेला बाधा येते, असे म्हणत टोटल वाइनने २०१६ साली दावा गुदरला होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात लक्ष घालण्यास नकार दिला. दुकान कोण काढू शकेल हा प्रश्न कंपनीने जिंकला. त्या दुकानात किंमत किती ठेवता येईल, हा प्रश्न ती हरली.

स्वस्त मद्य कोणाच्या हिताचे?

या निकालांकडे केवळ एका कंपनीच्या जयपराजयाच्या दृष्टीने पाहणे अपुरे ठरेल. साबण किंवा साखर स्वस्त झाली तर समाजाचा फायदाच होतो. मद्याच्या बाबतीत तसे निःशंकपणे म्हणता येत नाही. किंमत उतरली की खप वाढतो आणि खपाबरोबर अपघात, आजार आणि घरातील कलह वाढतात. किमान किमतीचा कायदा करणाऱ्यांची बाजू ही आहे. दुसरी बाजू अशी की, त्याच कायद्याच्या आडोशाला प्रस्थापित दुकानदार आणि घाऊक विक्रेते आपला नफा सुरक्षित ठेवतात आणि आरोग्याचे नाव पुढे करतात. दोन्ही बाजूंत तथ्य आहे आणि प्रत्येक राज्याने या दोहोंचा तोल आपापल्या परीने साधला आहे.

छोट्या दुकानदाराची चिंताही अनाठायी नाही. मोठ्या साखळीला मिळणारी सूट त्याला मिळत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने देशातील सर्वांत मोठ्या मद्य वितरक कंपनीवर दावा दाखल केला. छोट्या स्वतंत्र दुकानांना मोठ्या साखळ्यांपेक्षा चढ्या दराने माल दिला जातो, असा आयोगाचा आरोप होता. एके काळी प्रस्थापितांविरुद्ध झगडणारे दोन भाऊ आज स्वतःच बड्या साखळीचे धनी आहेत. कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या दृष्टीने आता तेच प्रस्थापित आहेत.

व्यसनाचा प्रश्न तर या कुटुंबाच्या दारापर्यंत आला. त्यांच्या एका तरुण पुतण्याचा फेंटानिल या अमली द्रव्याच्या अतिमात्रेने मृत्यू झाला, हे डेव्हिड ट्रोन यांनी सार्वजनिक जीवनात अनेकदा सांगितले आहे. २०१६ साली ते अमेरिकन प्रतिनिधिगृहासाठी उभे राहिले, त्या वेळी स्वतःच्या पैशातून त्यांनी एक कोटीहून अधिक डॉलर्स खर्च केले आणि पक्षांतर्गत लढतीतच ते पराभूत झाले. २०१८ मध्ये ते मेरीलँडमधून निवडून आले. जानेवारी २०१९ पासून जानेवारी २०२५ पर्यंत सदस्य असताना व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्य या विषयांना त्यांनी आपल्या कामात अग्रस्थान दिले. २०२४ साली सिनेटच्या उमेदवारीसाठी त्यांनी पुन्हा स्वतःचा मोठा पैसा ओतला. मतदारांनी कौल दिला तो मात्र दुसऱ्या उमेदवाराला. मद्यविक्रीतून मिळवलेला पैसा आणि व्यसनमुक्तीचे कार्य यांत विसंगती पाहणारे पाहतात. हा व्यापार करणाऱ्यालाच त्याची दुसरी बाजू अधिक जवळून दिसते, असेही कोणी म्हणू शकेल.

मालकी घरची, कारभार व्यावसायिकांचा

राजकारणात उतरण्याच्या सुमारास डेव्हिड ट्रोन यांनी कंपनीच्या दैनंदिन कारभारातून अंग काढून घेतले आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचे पद कुटुंबाबाहेरील व्यावसायिकाकडे सोपवण्यात आले. कौटुंबिक उद्योगातील हा सर्वांत नाजूक टप्पा. संस्थापकाला दुकानातील प्रत्येक फळी ठाऊक असते आणि म्हणूनच तिच्यावरून हात काढणे जड जाते. शंभराहून अधिक दुकाने झाल्यावर मात्र नजरेने देखरेख अशक्य होते. तेथे पद्धती, अहवाल आणि अंतर्गत तपासणी हीच मालकाची नजर होते. मालकी आणि व्यवस्थापन यांची अशी विभागणी वेळेवर न झाल्यामुळे उत्तम चाललेले व्यवसाय दुसऱ्या पिढीत विस्कळीत झाल्याची उदाहरणे प्रत्येक बाजारपेठेत आढळतात.

ट्रोन कुटुंबाच्या वाटचालीतून कोणत्याही व्यावसायिकाने घेण्याजोगे काही असेल तर ते असे. परवान्यावर चालणाऱ्या व्यवसायात, मग तो मद्याचा असो, औषधांचा असो वा खाणीचा, परवाना ही मालमत्ता भासते, परंतु ती जमिनीसारखी मालमत्ता नव्हे. जमीन गहाण ठेवता येते. परवान्याच्या अटी उद्या बदलू शकतात आणि त्यावर उभी असलेली पतही त्याबरोबर बदलते. म्हणूनच कर्ज घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने दोघांनीही ताळेबंदाइतकाच तो कायदा वाचला पाहिजे. शिवाय ज्या नियमांनी वाट अडवली त्यांच्याशी झगडताना ते नियम कशासाठी झाले होते, याचा विसर पडू देणेही योग्य नाही.

मद्याच्या दुकानात गल्ल्यामागील भिंतीवर काच लावलेल्या चौकटीत परवाना टांगलेला असतो. बाटली घेऊन जाणारा ग्राहक त्याच्याकडे क्वचितच पाहतो. मालक मात्र रोज सकाळी दुकान उघडताना आणि रात्री हिशेब मिटवताना त्याच्याकडे एकदा तरी पाहतोच. मग ते दुकान मेम्फिसचे असो वा मुंबईचे.